पांदानची पात आणि रत्नागिरीचा कुकर

सिंगापूरच्या पूर्व भागात पाया लेबार स्टेशनवर उतरून दहा मिनिटे चालले की गेलांग सेराईचा बाजार लागतो. ‘सेराई’ म्हणजे मलय भाषेत गवती चहा. पूर्वी या भागात गवती चहाची लागवड होत असे, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आता आजूबाजूला उंच इमारती आहेत, तरी बाजारात पाऊल टाकताच पहिला वास येतो तो हिरव्या पानांचा. खाली मासळी, मटण, भाजी, मसाले, ताजा किसलेला नारळ. वर खाण्याचे गाळे. विकणाऱ्यांत मलय मुसलमान बायका पुष्कळ. डोक्यावर रंगीत तुडुंग, म्हणजे आपली ओढणीच, आणि हात सतत कामात. रमजानमध्ये या भागात रात्री उशिरापर्यंत बाजार भरतो. आम्ही गेलो तेव्हा डिसेंबर होता, तिथला पावसाचा काळ, आणि दुपारी दोनलाच अंधारून आले होते.

आम्ही दोघी बहिणी मुलांच्या सुट्टीत धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. भाजीच्या गाळ्यावर लांब, तलवारीसारख्या पानांच्या जुड्या दिसल्या आणि आपाने एक पान उचलून मधोमध मोडले. “अगं, ही तर अम्मीची भातातली पात!” कोकणात काही परसांत हे झुडूप असते. कोणी त्याला बासमतीचे पान म्हणते, कोणी आंबेमोहोराची पात. साधा तांदूळ शिजताना दोन बोटे लांब तुकडा टाकला की पाहुण्यांना वाटते, घरात भारी तांदूळ आलाय. रत्नागिरीत आम्ही त्याला एवढेच काम दिले होते. इथे त्याला पांदान म्हणतात आणि त्याच्यावाचून मलय स्वयंपाकघराचे पान हलत नाही. नारळाच्या दुधातला भात नासी लमाक, मुगाची गोड लापशी, गूळ-खोबरे भरलेली हिरवी धिरडी, सगळ्यांत पांदान. सिंगापूरचे टॅक्सीवाले तर याची जुडी गाडीत ठेवतात. झुरळे पळतात असा त्यांचा भरवसा आहे.

आपण बिर्याणीवर केवड्याचे पाणी शिंपडतो, तो केवडा याच कुळातला. पण केवड्याचा सुगंध फुलात, आणि पांदानला फूल जवळपास येतच नाही. त्याची सगळी मिळकत पानात असते आणि झाड फुटव्यांपासून वाढवतात. ताजे पान नुसते हुंगले तर फारसे काही कळत नाही. ते चुरगाळावे, वाटावे किंवा गरम करावे, मग वास सुटतो. बासमतीला, आपल्या आंबेमोहोराला आणि भट्टीतून निघालेल्या पावाच्या सालीला ज्या एका द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य या पानात आहे. त्यामुळे पांदानचा केक पहिल्यांदा खाणाऱ्या मराठी माणसाला वाटते, हा वास आपल्या ओळखीचा आहे, पण कुठला ते आठवत नाही.

आमची धाकटी राहते ती इमारत सरकारी घरबांधणी मंडळाची. सिंगापुरात दहापैकी सुमारे आठ माणसे अशाच घरांत राहतात. १९८९ पासून तिथे नियम आहे की प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय वंशाच्या कुटुंबांचे प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावे, एकाच समाजाची वस्ती होऊ नये. धाकटीच्या मजल्यावर लांब सामाईक व्हरांडा आहे. त्यात चालत गेले की एका दारावर लाल कागदावर सोनेरी चिनी अक्षरे, पुढच्या दाराला आंब्याच्या पानांचे तोरण, त्यापुढे ‘बिस्मिल्लाह’ची पाटी. दाराबाहेर चपला आणि कुंड्या. इतके शेजारी-शेजारी, आणि दारे मात्र बंद. हा नियम माणसांना एका व्हरांड्यात आणून सोडतो. पुढचे काम त्यांचे त्यांनी करायचे असते, आणि धाकटीचे ते काम सुरुवातीलाच अडले होते.

झाले असे की ती तिथे राहायला गेली त्याच महिन्यात चिनी नववर्ष आले. लाल अक्षरांच्या दारातली म्हातारी, जिला सगळी पोरे ‘अह-मा’ म्हणजे आजी म्हणतात, सुंदर चिनीमातीच्या बशीत अननसाचे टार्ट घेऊन आली. चिनी बेकरीच्या मालात डुकराची चरबी घालायची जुनी रीत आहे हे धाकटीने ऐकलेले. बशीवर काही लिहिलेले नाही. तिने हात जोडून, हसून नको म्हटले. अह-माही हसली आणि परत गेली. त्यानंतर दहा महिने दोघी व्हरांड्यात समोर आल्या की मान हलवायच्या, बस्स. धाकटी फोनवर म्हणायची, “इथे कोणी कोणाचे नसते.” अम्मी तिला म्हणायची, घरी निघून ये. नवऱ्याची नोकरी सोडून येणार कशी? आम्ही दोघी गेलो त्यामागे सिंगापूर पाहण्यापेक्षा हे कारण मोठे होते.

रत्नागिरीत आमच्याकडे दिवाळीचा फराळ येतो आणि ईदला आमचा शीरखुर्मा जातो. तेव्हा कोणी डब्यावर शिक्का शोधत नाही. कोणाच्या हातचे आहे, त्या घरात काय शिजते, काय नाही, हे तीन पिढ्यांचे माहीत असते. ओळख नसली की शिक्का लागतो, आणि परक्या शहरात तो लागणारच. सिंगापूरची इस्लामी परिषद १९७८ पासून हलाल प्रमाणपत्र देते. दुकानात, हॉटेलात तो हिरवा शिक्का पाहून माणूस निर्धास्त खातो. केकच्या बाबतीत तर फार जपावे लागते. मलईत जिलेटिन आणि इसेन्समध्ये अल्कोहोल असू शकते, आणि केक फुगवायला वापरतात ते स्निग्ध मिश्रण वनस्पतीचे की प्राण्याचे, ते डबा वाचल्याशिवाय कळत नाही. पांदानच्या घरगुती केकमध्ये यातले काहीच लागत नाही. अंडी, मैदा, साखर, तेल, नारळाचे दूध आणि पान.

हे आम्हाला सांगितले ते खालच्या मजल्यावरच्या मकचिकने. मकचिक म्हणजे मावशी किंवा चाची. तिथे मोठ्या वयाच्या कुठल्याही बाईला असेच हाक मारतात. लिफ्टमध्ये तिने धाकटीला पहिल्यांदा विचारले होते, “आपा खबर?” धाकटीला वाटले, ही आपल्याला आपा म्हणून कसली खबर विचारतेय! मलयमध्ये ‘आपा’ म्हणजे काय आणि खबर म्हणजे खबरच. काय खबर, कशी आहेस? अशी पुष्कळ गंमत आहे. साबणाला साबुन, मोसमाला मुसिम, साखरेला गुला. रोजाला ते पुआसा म्हणतात, आणि तो शब्द ‘उपवास’ या संस्कृत शब्दातून गेलेला आहे. भाषा किती दारांतून फिरून आलेली असते ते अशा वेळी लक्षात येते.

तर मकचिकने बाजारातून आणलेली जुडी पाहिली आणि म्हणाली, केक करा. घर भाड्याचे, ओव्हन नाही. आपा लगेच म्हणाली, “कुकर आहे की!” हा पाच लिटरचा कुकर धाकटीने रत्नागिरीहून सामानात आणलेला. ओव्हन घरोघरी नव्हते तेव्हापासून महाराष्ट्रातल्या बायका कुकरमध्ये केक करत आल्या आहेत. तळाला जाडे मीठ किंवा वाळू, वर जाळी, जाळीवर केकचे भांडे. मकचिकला हे नवीन होते. तिच्याकडे केक वाफेवर होतो, कुकुस. पातेल्यात पाणी, वर चाळण, आणि थेंब केकवर पडू नयेत म्हणून झाकणाला फडके बांधलेले. कोरड्या कुकरमध्ये मीठ टाकताना पाहून ती दोन पावले मागे सरकली.

दोन्ही रीतींवर बराच खल झाला. वाफ शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे वाफेचा केक ओलसर, मऊ राहतो, पण त्याला तांबूस साल येत नाही. तापलेल्या मिठावरची कोरडी हवा त्याहून बरीच गरम असते, तिथे साल धरते. शिट्टी लावून दाबाखाली मात्र हा केक करूच नये. दाबात पिठातले बुडबुडे फुगू शकत नाहीत, आणि वाफ एकदम सोडली की जे थोडे फुगले असेल तेही बसते. म्हणून शिट्टी काढायची. रबरही काढायचा, कारण कोरड्या आचेत तो जळतो. मकचिकने झाकणाच्या भोकावर हात धरून गरम हवा बाहेर येतेय याची खात्री केली, मग ती पुन्हा ओट्याजवळ आली.

केक त्या दिवशी होणार नव्हता. पांदानच्या रसाला एक रात्र लागते. बारा-पंधरा पाने कात्रीने कापायची, साधारण दीडशे मिली पाण्यात वाटायची, फडक्यातून पिळायची आणि तो रस काचेच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचा. सकाळी वर फिकट पाणी असते आणि तळाला गर्द हिरवा साका. वरचे पाणी हलक्या हाताने ओतून भातात वापरायचे, केकला साकाच घ्यायचा. बाजारात हिरव्या रंगाची बाटली मिळते, तिच्याने केक पोपटी होतो. पानाने होतो तो मेंदीच्या पाल्यासारखा, थोडा मातकट हिरवा. आम्हाला हाच बरा वाटला.

ती संध्याकाळ मोकळी मिळाली म्हणून धाकटीने आम्हाला कंपोंग ग्लामला नेले. कंपोंग म्हणजे गाव आणि गेलाम हे एका झाडाचे नाव. त्याच्या सालीने होड्यांच्या फटी बुजवत. जुन्या सिंगापूरची ही मलय आणि अरब वस्ती. गल्ल्यांची नावे वाचतानाच प्रवास होतो. कंदाहार स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, मस्कत स्ट्रीट, बसऱ्यावरून पडलेली बुसोरा स्ट्रीट. हजला जाणारे यात्रेकरू जहाज मिळेपर्यंत याच भागात मुक्काम करीत. मधोमध सुलतान मशीद. तिची सध्याची इमारत १९३२ साली पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या बुडाशी एक काळसर चमकता पट्टा दिसतो. तो काचेच्या बाटल्यांच्या बुडांचा आहे. श्रीमंतांनी रकमा दिल्या, आणि गरिबांनाही वाटा उचलता यावा म्हणून त्यांच्याकडून या बाटल्या घेतल्या. आम्ही मगरिबच्या नमाजनंतर बाहेर उभ्या राहून तो पट्टा खूप वेळ पाहत होतो. आपा म्हणाली, “यात एखादी बाटली सरबताची असेल नाही?”

तिथून जवळच बीच रोडवर हज्जा फातिमा मशीद आहे, १८४६ची. ही बाई मलाक्काची. नवरा गेल्यावर तिने व्यापार आणि जहाजे सांभाळली. तिचे घर दोनदा लुटले गेले, एकदा आगही लागली. त्यातून वाचल्याचा शुक्र म्हणून तिने त्याच जागेवर मशीद बांधवली. मिनार चांगलाच कललेला आहे. जमिनीखाली वाळू असल्याने तसे झाले म्हणतात. बाईच्या नावाची मशीद असा उल्लेख तिथे कोणी वेगळा करत नाही. आम्हीच दोघी तो पुन्हा पुन्हा करत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी केक. त्याची जात शिफॉन, म्हणजे लोण्याऐवजी तेलाचा आणि फेटलेल्या अंड्यांवर फुगणारा. ही रीत अमेरिकेतल्या हॅरी बेकर नावाच्या विमा विक्रेत्याने १९२०च्या दशकात काढली आणि वर्षानुवर्षे गुपित ठेवली. १९४८मध्ये ती जगजाहीर झाली. पूर्वेकडच्या बायकांनी तिच्यात नारळाचे दूध आणि पांदान घातले आणि केक आपला करून टाकला. सिंगापुरात या केकची मोठी दुकाने आहेत. त्यांतल्या एका प्रसिद्ध साखळीच्या मालकीण अनास्तासिया लिऊ यांनीही घरच्या स्वयंपाकघरात केक करून सुरुवात केली आणि १९७९ साली पहिले दुकान उघडले.

आमचे माप पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या, मधोमध नळी असलेल्या साच्याचे होते. तीन अंडी, ६५ ग्रॅम मैदा, ६५ ग्रॅम साखर, ४५ मिली घट्ट नारळाचे दूध, ३० मिली तेल, एक मोठा चमचा साका, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. मकचिक एरवी सगळे ‘अगाक-अगाक’ करते, म्हणजे आपल्या अंदाजाने. पण शिफॉनला तीही काटा काढते. बलकात थोडी साखर, तेल, नारळाचे दूध आणि साका घालून ढवळायचे, मग मैदा व बेकिंग पावडर चाळून घालायची. पांढरा भाग वेगळ्या, अगदी कोरड्या भांड्यात. त्यात लिंबाचे दोन-तीन थेंब, उरलेली साखर तीनदा थोडी थोडी घालत फेटायचे. भांडे उलटे केले तरी फेस हलू नये. तो फेस तीन वेळा करून हिरव्या मिश्रणात खालून वर असा मिसळायचा. ढवळायचे नाही. इथे घाई करणाऱ्याचा केक विटेसारखा होतो.

साच्याला तेल लावायचे नाही, हे आपाला पटेना. आयुष्यभर भांड्याला तूप लावलेले हात! पण हे पीठ भिंतीला धरून वर चढते, भिंत निसरडी असेल तर घसरते. कुकरच्या तळाला दीड वाटी मीठ, वर जाळी, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे तापवला. मग साचा आत, आच अगदी मंद. पहिली पंचवीस मिनिटे झाकणाला हात लावायचा नाही. चाळिसाव्या मिनिटाला काडी कोरडी निघाली. लगेच साचा उलटा करून त्याची नळी बाटलीच्या गळ्यावर अडकवली. तासभर तसाच उलटा लटकू द्यायचा, नाहीतर गरम केक स्वतःच्या वजनाने बसतो. तेवढ्या वेळात वास व्हरांड्यात गेला होता. तोरणाच्या दारातली तमिळ वहिनी डोकावून गेली. तिच्याकडे अंडे चालत नाही, म्हणून तिला साक्याच्या वरचे पाणी आणि दोन पाने दिली. भाताची युक्ती तिला ठाऊक होतीच.

केक सुरीने कडा सोडवून काढला. बाहेरून तांबूस, आतून हिरवा, दाबला की परत वर येणारा. मकचिकने एक तुकडा खाऊन कुकरकडे पाहिले आणि म्हणाली, उद्या वर येते, मला हे मीठ दाखव नीट.

अर्धा केक डब्यात भरला. धाकटी म्हणाली, आपा, तू जा. आपा म्हणाली, शेजार तुझा आहे. शेवटी तिघी गेलो. अह-माने जाळीचे दार उघडले, डब्यातला हिरवा रंग पाहिला आणि जोरात म्हणाली, “केक पांदान! कोणी केला?” धाकटीने स्वतःकडे बोट दाखवले. अह-माने आम्हाला आत बसवले आणि थोड्या वेळाने डबा धुऊन परत दिला. त्यात दोन संत्री होती. रिकामा डबा परत देऊ नये हे तिलाही कोणीतरी शिकवले असणार. मग जरा थांबून तिने विचारले, “फळ चालतं ना?”

धाकटीचे डोळे भरून आले. तिने मोडक्या इंग्रजीत टार्टची गोष्ट काढली. नको म्हटले त्याचे कारण सांगितले. अह-मा ऐकत राहिली, मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि एक रिकामा प्लास्टिकचा डबा घेऊन आली. आता त्यात ती बटणे ठेवते. झाकणावर हिरवा शिक्का होता. टार्ट तिने मुद्दाम त्या दुकानातून आणले होते, शेजारी मुसलमान कुटुंब आलेय म्हणून. पण सणाच्या दिवशी विकतचा डबा तसाच हातात देणे तिला बरे दिसेना, म्हणून घरातली सगळ्यात चांगली बशी काढली होती.

आम्ही परतलो त्याला आता काही महिने झाले. अम्मी आता ‘निघून ये’ म्हणत नाही. फक्त विचारते, अह-माची तब्येत कशी आहे. कुकर बहुतेक वेळा खालच्या मजल्यावर असतो. अह-माला साखर कमी हवी असते, म्हणून पासष्टऐवजी पन्नास ग्रॅम केली, तरी केक फुगतो असे धाकटी सांगते. नववर्षाला तिने आम्हाला फोटो पाठवला होता. तीच चिनीमातीची बशी, त्यावर अननसाचे टार्ट नीट मांडलेले, आणि शेजारी कात्रीने चौकोनी कापून ठेवलेला डब्याच्या झाकणाचा हिरवा तुकडा.